तेहतीस तासांची अंडी

आमच्या विभागाचे प्रमुख कोण, असं बाहेरून आलेल्या परीक्षकानं विचारलं की मुलं माझ्याकडे बोट दाखवायची. आणि या स्लाइड कुणी केल्या, असं विचारलं की जैतूमामांकडे. पहिलं उत्तर ऐकून परीक्षक नुसती मान डोलवायचे, दुसरं ऐकून खुर्चीतून उठायचे. मला ते बरीच वर्षं झोंबलं. खोटं कशाला बोलू?

मी शहापूरच्या कॉलेजात रुजू झाले ब्याण्णव सालच्या जूनमध्ये. एम.एस्सी.ला पहिला वर्ग, जिभेला हाड नाही आणि खेड्यातल्या माणसाला काही कळत नाही ही पक्की समजूत. जैतूमामा तेव्हा चाळिशीच्या आसपासचे. चौथीपर्यंत शिकलेले. आधी भातसानगरच्या कॉलनीत रोजंदारीवर झाडांना पाणी घालायचे, मग कॉलेजात शिपाई झाले, मग आमच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर. त्यांची वाडी भातसानगरच्या रस्त्याला, डोंगराच्या अंगाला. घरात बायको लहानी आणि एकुलती एक मुलगी रुपा. अंगानं काटकुळे आणि बोलायचे इतकं कमी की मी पहिला महिनाभर त्यांना मठ्ठ समजत होते.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कोंबडीच्या अंड्यात गर्भ कसा घडत जातो ते दाखवायचं असतं. अंडं इनक्युबेटरमध्ये ठेवायचं, ठरलेल्या तासांनी फोडायचं आणि बलकावर तरंगणारा गर्भ अलगद उचलून काचेवर घ्यायचा. अठरा तासांचा, चोवीस तासांचा, तेहतीस तासांचा, अठ्ठेचाळीस तासांचा. मी एस.टी. स्टँडजवळच्या दुकानातून दोन डझन अंडी आणली, तेहतीस तास ऊब दिली आणि मुलांसमोर फोडली. आत काही नाही, नुसतं ऑम्लेटचं सामान. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन डझन, पुन्हा तेच. मी इनक्युबेटरला शिव्या घातल्या, वीजमंडळाला घातल्या, थर्मामीटर बदलला. जैतूमामा दोन्ही वेळा फडकं घेऊन शेजारी उभे. तिसऱ्यांदा मी पिशवी उचलून दुकानाकडे निघाले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, त्या अंड्यांना बाप नाय."

मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. मी लालबुंद झाले, पण माणूस बरोबर होता. दुकानातली अंडी पोल्ट्रीची, तिथं कोंबडा असतोच कुठे? आम्हाला शिकताना अंडी आयती टेबलावर यायची. ती कुठून येतात हे विचारायचं माझ्या पहिल्या वर्गाला कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामांनी पत्र्याच्या डब्यात भाताचं तूस भरून त्यात घरची बारा गावठी अंडी रोवून आणली. बारापैकी अकरा लागली.

तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं. बल्बसमोर अंडं धरून ते सांगायचे, हे धरलंय, हे वांझ. कोमट मिठाच्या पाण्यात अंडं फोडायचं, फिल्टर पेपरचं बारीक कडं गर्भावर ठेवायचं, कडेनं कात्री फिरवायची आणि कड्यासकट उचलायचं. दुधावरची साय उचलण्याइतकं नाजूक काम. माझ्या हातून दहांतले चार फाटायचे, त्यांच्या हातून शंभरात एखादा. पुढे लोडशेडिंग सुरू झालं आणि दिवसाचे आठ-आठ तास दिवे जायला लागले, तेव्हा ते अंडी घरी नेऊन खुडूक कोंबडीखाली ठेवायचे आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं वेळ लिहायचे. लहानीला हे मुळीच पटायचं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं: खायचं तर ताजं खा, एकदा कोंबडीखाली घातलं की पिल्लू निघू दे. अर्धं उबलेलं फोडणं हे पाप. मामा ऐकून घ्यायचे आणि सकाळी डबा घेऊन निघायचे.

मी वर्गात दोन तास घसा फोडून जे शिकवायचे, ते मामा मायक्रोस्कोपपाशी उभं राहून दोन मिनिटांत सांगून टाकायचे. आवाजात चढ नाही, उतार नाही. "पयल्यांदा सगळे सारखेच," ते मुलांना सांगायचे. "कोन काय होनार ते कोनालाच माहीत नाय. लावणीला मानसं येऊन बांधावर नुसती उभी असतात ना, तसं. मग मधी एक रेघ पडते. त्या रेघेतून काही आत उतरतात, काही वर राहतात. वरचे त्यांची कातडी नि मेंदू. मधले त्यांचं हाड, मास, काळीज. एकदम खाली गेले त्यांचं आतडं. कोन कुठं उभा राहिला नि शेजारी कोन आला, त्याच्यावर ठरतं. एकदा ठरलं की मागं फिरता येत नाय."

मग ते सुईचं टोक पाठीवर नेऊन ठेवायचे. "ही खाच बघा. दोन्हीकडून बांध उचलतात, एकमेकांकडं कलतात नि मिटतात. त्याची नळी होते. वरच्या टोकाला मेंदू, खाली पाठीचा दोरा. मिटायची वेळ ठरलेली असते. त्या वेळेत मिटलं तर मिटलं. नंतर काय बी करा, मिटत नाय."

खाचेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं ठिपके उमटतात. त्यांचेच पुढे मणके आणि पाठीचे स्नायू होतात. ते मोजले की गर्भाचं वय कळतं. मामा मोजायचेही नाहीत. एका नजरेत म्हणायचे, "हा एकतीसचा हाय. कोनी दोन तास आधी काढला?" आणि कोणीतरी मुलगा मान खाली घालायचा. एकदाच मी त्यांना काम सोडून थांबलेलं पाहिलं. चाळीसेक तासांचं अंडं होतं, ताजं फोडलेलं, आणि मोहरीएवढं हृदय नुकतंच हलायला लागलं होतं. पाण्याची ऊब जाईपर्यंत ते तसेच वाकून बसले होते. मी काही विचारलं नाही. आमच्यात तशी विचारपूस नव्हतीच.

रुपाचं लग्न दोन हजार साली झालं. जावई भगीरथ, माळशेजच्या रस्त्याला वैशाखऱ्याजवळच्या वाडीतला, रोपवाटिकेत कामाला. मुलगा निर्व्यसनी, आई अंबूबाई जरा खमकी, पण माणसं चांगली. मी लग्नाला गेले होते. रुपा अठरा वर्षांची, बापासारखीच काटकुळी, पण बोलायला चुरचुरीत. "मॅडम, बा तुमच्याशी तरी बोलतो का?" असं तिनं मला भर मांडवात विचारलं होतं.

आता रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलं. त्यांच्याकडे बाईला दिवस गेले की तीन महिने शब्द काढायचा नाही. नजर लागते. सासूला कळतं, आईला कळतं, बाकी कोणाला नाही. हसू नका, माझ्या पुण्याच्या आईनंही माझ्या वेळी तेच केलं होतं, फक्त ती त्याला 'उगाच कशाला' म्हणायची. पण त्यांच्याकडे पुढची एक पायरी होती: बापाला तर तीन महिन्यांनंतरही कोणी सांगत नाही. लेकीचं पोट दिसायला लागलं की बापानं समजायचं आणि दुसरीकडे बघायचं. त्या विषयावर बाप आणि लेक एक अक्षर बोलत नाहीत. बोलला तर तो निर्लज्ज.

रुपाचा मुलगा दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये झाला. कमरेपाशी, मणक्याच्या रेषेवर लिंबाएवढा फुगवटा, त्यावर कातडी नाही, आतलं ओलं दिसत होतं. पाय हलत नव्हते. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेला. नवव्या दिवशी गेला. मामांनी एक दिवसाची रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला लॅब उघडली. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होते. ते काचेच्या बश्या धूत होते. बशी पुसून खाली ठेवत म्हणाले, "मॅडम, नळीचं खालचं तोंड मिटलं नाय."

मी शिक्षिका, म्हणून शिक्षिकेसारखीच "हो" म्हणाले.

"मानसाचं किती तासांनी मिटतं?"

"तासांत नाही. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत."

त्यांनी मनाशी हिशेब केला. "म्हंजे बाईला पुरतं कळलेलं पन नसतं."

"नसतं."

"आनि आमी तीन महिने बोलत नाय," ते म्हणाले आणि पुढची बशी घेतली. त्या दिवशी तेहतीस तासांचं प्रॅक्टिकल होतं. त्यांनी ते नेहमीसारखं केलं. एकही फाटला नाही.

रुपाच्या सासरच्या वाडीत मात्र याचा वेगळाच अर्थ लागला. अंबूबाई ओटीवर बसून चार माणसांत बोलली, "बाप अर्धी अंडी फोडतो, त्याचं पोरीच्या पोटाला लागलं." लहानीनं ते खोडलं नाही; ती तर कित्येक वर्षं हेच म्हणत आली होती. मला हे कळलं तेव्हा मी चिडून म्हटलं, "तुम्ही सांगायचं ना त्यांना, असं काही नसतं म्हणून!" मामा म्हणाले, "मी अंड्याचं बोलायला लागलो तर त्यांना खरंच वाटंल."

कल्याणला माझी एक डॉक्टर मैत्रीण आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, एकदा असं झालेल्या बाईला पुन्हा होण्याची शक्यता शंभरात तीन-चार. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी ती बरीच कमी होते. पण गोळी दिवस जायच्या आधीपासून चालू हवी, निदान महिनाभर आधी. कळल्यावर चालू करून पाठीच्या कामाला उपयोग नाही. तिनं चिठ्ठी दिली, मी गोळ्या आणल्या, सहा पाकिटं. दिवाळीच्या सुट्टीआधी मामांच्या हातात ठेवल्या आणि स्पष्ट सांगितलं, पाळी चुकायच्या आधीपासून. मी तो शब्द उच्चारल्याबरोबर त्यांनी नजर फरशीवर नेली.

"रुपाला नीट समजावून सांगा. नंतर घेऊन उपयोग नाही."

"नंतर उपयोग नाय ते मला माहीत हाय," मामा म्हणाले.

सुट्टीनंतर मी विचारलं, "दिल्या का गोळ्या?" ते म्हणाले, "दिल्या." माझ्या दृष्टीनं विषय संपला. मला वैशाखऱ्याला जायला तीन तास लागले असते, एक रविवार गेला असता. मी गेले नाही. मला पेपर तपासायचे होते. शिवाय असल्या रिवाजांचा मला तिटकारा होता, आणि तिटकारा असला की माणसाला वाटतं आपण आपलं काम केलं.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर असताना, आम्ही उजळणीचं प्रॅक्टिकल लावलं होतं. मायक्रोस्कोपभोवती पाच-सहा मुली कोंडाळं करून उभ्या होत्या. त्यातली कुणाली नावाची एक चौकस मुलगी मामांना खोदून विचारत होती, की खाच मिटली नाही तर काय होतं. मामा सांगत होते. "वरचं तोंड मिटलं नाय तर डोकं होत नाय. खालचं मिटलं नाय तर पाठ उघडी राहते. आईला कळायच्या आधीच होऊन जातं ते. म्हनून मी सगळ्या पोरींना सांगतो, लग्न झालं की त्याची गोळी येते, ती आधीच चालू करायची. लाजायचं नाय." मुली लक्ष देऊन ऐकत होत्या. एक वहीत लिहून घेत होती. आधीच्या सव्वा वर्षापासून ते प्रत्येक तुकडीला हे सांगत होते. मला ते माहीत होतं आणि मनातून मी त्यांचं कौतुकही करत होते.

दारात रुपा उभी होती. मी तिला आधी पाहिलं. हातात फडक्याची गाठोडी, चप्पल बाहेर काढलेली. थांब, असं मी हातानं खुणावलं, आणि ती तिथंच थांबून सगळं ऐकत राहिली. मुली गेल्या तशी ती आत आली. मामांनी तिला पाहिलं आणि हातातली सुई खाली ठेवली.

"बा, मानसाचं बी असंच असतं?"

मामांऐवजी मी म्हटलं, "हो."

"किती दिवसांनी मिटतं?"

"अठ्ठावीस."

रुपानं टेबलावर फडकं सोडलं. आत सहाची सहा पाकिटं. एकही गोळी काढलेली नव्हती. "मग ह्या?" ती म्हणाली.

सगळं तिनंच सांगितलं, एका दमात. बानं गोळ्या आईकडे दिल्या होत्या. आई म्हणाली, मॅडमनी दिल्यात, पोटातल्याच्या हायेत, जपून ठेव. म्हणून तिनं त्या डब्यात घालून तांदळाच्या कणगीत ठेवल्या, उंदीर लागू नये, ओल लागू नये. पोटातल्याच्या, म्हणजे पोटात आल्यावर खायच्या. आणि तीन महिने काही बोलायचं नाही, करायचं नाही, म्हणजे चौथ्यापासून. काल चौथा लागला. आज पहिल्या एस.टी.नं ती विचारायला आली होती, रोज एक का दोन. वर्षभर तिनं त्या गोळ्यांना हात लावला नव्हता. घरात कोणाला ताप आला तरी त्यातली दिली नव्हती.

"बा, तुला हे माहीत होतं?"

"खाच माहीत होती. पयल्या येळेला गोळी माहीत नव्हती."

"आनि आता?"

"आता होती."

"मग ह्या पोरींना सांगतोस. ह्या तुझ्या कोन लागतात?"

मामा टेबलापाशी वळले आणि बश्या गोळा करायला लागले. एक, दोन, तीन, एकात एक ठेवून. रुपानं फडकं पुन्हा बांधलं आणि गेली. जाताना तिनं माझ्याकडेही पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी विचारलं होतं 'दिल्या का', 'सांगितलं का' असं विचारलंच नव्हतं. मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. काहीही वाटलं नाही. परीक्षेच्या याद्या करायच्या होत्या, त्या केल्या. वाटलं ते चार दिवसांनी, घरी मेथी निवडताना. मेथी तशीच टाकून मी बसून राहिले.

पुढचे पाच महिने कसे गेले हे मला नीट सांगता येत नाही. काही झालंच नाही त्या महिन्यांत. मामा वेळेवर यायचे, वेळेवर जायचे. मी त्यांना म्हटलं, शंभरात तीन-चारच, म्हणजे शहाण्णव वेळा चांगलंच होतं. ते म्हणाले, "हो." डबा खायचे, पण अर्धा परत न्यायचे. मुलांना सांगायचे तेच सांगायचे, त्याच आवाजात, फक्त 'आईला कळायच्या आधीच' या वाक्याशी थांबायचे आणि पुढचं गोळीचं बोलायचे नाहीत. मग मी ते मागून पुरं करायचे. आम्ही दोघं एखाद्या बंद पडलेल्या घरात राहणाऱ्या माणसांसारखे त्या लॅबमध्ये वावरत होतो.

सहाव्या महिन्यात भगीरथ रुपाला कल्याणला घेऊन गेला, माझ्या मैत्रिणीनं सोनोग्राफी करवली. मूल पाठ खाली करून पडलं होतं. डोकं नीट आहे, पाठ पूर्ण दिसत नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा या. ते पुन्हा गेले नाहीत. पेरणीचे दिवस जवळ आले होते, आणि रुपा म्हणाली म्हणे, "आता बघून काय होनार? जे व्हायचं ते कवाच झालंय." गोळ्या मात्र ती रोज एक खात होती. त्या पाठीसाठी उशीर झालाय हे तिला आता माझ्याइतकंच कळत होतं. तरी खायची.

बाळंतपणाला ती माहेरी आली नाही. बापाशी बोलणं तिनं फेब्रुवारीतच बंद केलं होतं. लहानी एकटीच तिकडे जाऊन राहिली. जुलैच्या अखेरीस कॉलेजच्या ऑफिसात फोन आला: मुलगी झाली, चांगली आहे, पाय मारते. मी धावत लॅबमध्ये गेले आणि मामांना सांगितलं. माझे डोळे भरून आले होते. मामांनी मान हलवली आणि बरण्या पुसत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. "ऐकलं, मॅडम," ते म्हणाले.

दहा दिवस झाले तरी हा माणूस लेकीकडे गेला नाही. अकराव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, उद्या बारसं आहे, तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते आणि तिथं तुमच्या नावानं बोंब मारते. दुसऱ्या दिवशी स्टँडवर ते माझ्याआधी येऊन उभे होते, धुतलेला सदरा घालून. किन्हवलीवरून सरळगाव, तिथं गाडी बदलून टोकावडे, मग वैशाखरे. सबंध रस्त्यात त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही कंडक्टरशी.

घरात नामकरण आटोपलं होतं. ओटीवर अंबूबाई, लहानी, भगीरथ आणि शेजारच्या दोघी-तिघी बायका बसलेल्या. आम्हाला पाणी दिलं. रुपा आतून आली आणि काही न बोलता तिनं मूल बापाच्या मांडीवर ठेवलं. मामांनी हात लावला नाही. तळहात जमिनीवर टेकून ते तसेच बसले. मूल जांभई देत होतं.

"पाठ बघ ना," रुपा म्हणाली. फेब्रुवारीनंतरचे बापाशी तिचे हे पहिले शब्द.

"नको."

"चांगली हाय. मिटलेली हाय."

"ती तिची ती मिटली," मामा म्हणाले. "मी काय केलं त्यात? नसती मिटली तर ते मात्र माझं होतं."

अंबूबाई म्हणाली, "असं काय बोलता व्याही, मॅडमच्या गोळ्यांनी गुण दिला." लहानीनंही मान डोलवली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रुपा म्हणाली, "गोळ्यांनी काय नाय दिला. गोळ्या मी उशिरा खाल्ल्या. नशिबानं वाचली ही." आणि बापाच्या समोर बसून म्हणाली, "आता सांग. कॉलेजातल्या पोरींना सांगतोस ना, तसं सांग. इथं, सगळ्यांसमोर."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. खरं सांगायचं तर सांगायला मी होतेच, माझी पदवी होती, मला लाजही नव्हती. पण मी गप्प बसले, आणि आयुष्यात मी गप्प बसल्याचा मला आनंद आहे असा तो एकच प्रसंग.

"पाळी चुकायच्या आधी," मामा म्हणाले.

भगीरथनं अंगणात नजर लावली. अंबूबाई पदर ओढून उठली आणि आत निघून गेली. लहानी नवऱ्याकडे असं बघत होती की हा माणूस कोण. मामा थांबले नाहीत. लॅबमधल्याच सपाट आवाजात, मांडीवरच्या बाळाकडे बघत, एकेक सांगत गेले. "एकविसाव्या दिवसाच्या आसपास बांध कलून चिकटायला लागतात. मधी मिटतं, मग वर नि खाली. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत खालचं तोंड मिटायला पायजे. तवा तुला पुरतं माहीत पन नसतं. म्हनून पोर पायजे असं मनात आलं, की त्याच दिवसापासून गोळी, रोज एक. पयल्याचं खालचं तोंड मिटलं नाय. ते तुझ्याच्यानं नाय झालं. अंड्याच्यानं पन नाय. गोळी तवा मला माहीत नव्हती. दुसऱ्या येळेला माहीत होती नि मी तुझ्या आईच्या हाती पाठवली. तोंडानं बोललो नाय. ते माझं चुकलं."

मूल रडायला लागलं तरी रुपानं ते लगेच घेतलं नाही. तिची नजर आतल्या दाराकडे होती. तिथं चौकटीला टेकून तिची धाकटी जाऊ दिपिका उभी होती, मे महिन्यात लग्न होऊन आलेली, हातातला हिरवा चुडा अजून नवा. सगळं ऐकलेलं तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि ऐकलंच नाही असं दाखवायला ती आत वळत होती.

"दिपिके, आत नको जाऊ गो," रुपा म्हणाली. "इथं ये, बस माझ्याजवळ." ती बसली, मान खाली घालून. रुपानं मूल उचलून घेतलं आणि बापाकडे वळली.

"बा, परत सांग," ती म्हणाली. "हिला अजून टाइम हाय."